फी भरायच्या आधी



आमच्या गटातल्या एका बाईने धान विकून आलेले पैसे आणि गटाचं कर्ज घालून लेकीला नर्सिंगच्या एका वर्गात टाकलं. वर्षभराने प्रमाणपत्र मिळालं, पण त्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होईना. नोंदणी नाही, म्हणजे नर्सची नोकरी नाही. पोरगी हुशार होती. चुकलो आम्ही. इमारत पाहिली, मान्यता पाहिली नाही.

आता कुणाचीही लेक असो, फी भरायच्या आधी आम्ही दोघी-तिघी सोबत जातो.

पहिलं विचारतो कोर्सचं नाव. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हीला बारावी लागते. ‘सहा महिन्यांत नर्स’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

दुसरं, मान्यता. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः बघा. तोंडी शब्दावर जाऊ नका.

तिसरं, मुली प्रत्यक्ष काम कुठे शिकणार? आपल्या गोंदियात बाई गंगाबाई रुग्णालय आहे, २०१६ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. कॉलेज कोणत्या दवाखान्याशी जोडलंय, ते विचारा. नुसतं पुस्तक वाचून बाळंतपण करता येत नाही.

चौथं, फी, वसतिगृह, गणवेश, परीक्षा, सगळा खर्च लेखी घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका, मूळ कागदपत्रंही ठेवू नका.

ती पोरगी आता मान्यता असलेल्या कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला बसली आहे. जुनं कर्ज आम्ही सगळ्या मिळून फेडतो आहोत.