काळजी नसावी

(आईच्या स्मरणार्थ जमलेल्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण)

आईला जाऊन महिना झाला. ९२ वर्षं जगली. वर्तमानपत्रात द्यायला भावाने मजकूर लिहून आणला : ‘कष्टाळू, मायाळू, कुटुंबवत्सल.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. पण माझी मुलगी वाचून म्हणाली, “यात आजी कुठे आहे?” त्या मजकुरात न मावलेल्या आईविषयी मी आज बोलणार आहे.

आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावची. शाळा चौथीपर्यंत. पोहायला मात्र भावांच्या बरोबरीने शिकली. १९५० साली लग्न होऊन बोटीने मुंबईला निघाली तेव्हा अठरा वर्षांची होती. रामदास बोट बुडून शेकडो माणसं गेली ती १७ जुलै १९४७ ला. ती धास्ती अजून सगळ्यांच्या मनात ताजी होती. पडावातून बोटीवर चढल्यावर बरोबरच्या बायका तोंडावर पदर घेऊन खाली बसल्या. ही नवी नवरी रात्रभर वर कठड्याशी उभी! सासूबाईंनी ते पुढे वीस वर्षं ऐकवलं.

मुंबईत गिरणगावातली एक खोली. वडील गिरणीत. आईने खाणावळ चालवली. आठ-दहा गडी जेवायला असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांना घेऊन. त्याआधी, १९७२ पासून, महागाईच्या विरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्यांत आई होती. मोर्चाहून आली की त्याच लाटण्याने गड्यांच्या पोळ्या लाटायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणाऱ्यांच्याच हाती पैसा उरला नाही. आईने कित्येकांना उधारीवर जेवू घातलं, मग कचेऱ्यांचे डबे सुरू केले आणि घर तगवलं.

ही आई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. मी तिच्याविषयी किती शिबिरांत बोलले असेन! पण यापुढचं मी सांगत नसे, कारण त्यात माझी बाजू पडती आहे.

१९८६ साली वडील गेले. लोक म्हणू लागले, आता काशी करून या. बाईला, त्यातून विधवेला, एकटीने हिंडायचा परवाना एकच : तीर्थयात्रा. आईने तो परवाना मुकाट्याने घेतला.

तेव्हा मी पूर्ण वेळ संघटनेचं काम करत होते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. मोर्चा असो, रात्रीची बैठक असो, मुलं आजीकडे. तिला कधी विचारावं लागतं हे माझ्या ध्यानातही येत नसे. १९८८ साली आमचं तीन दिवसांचं शिबिर ठरलं. विषय होता ‘घरकामाचं मोल’. आदल्या आठवड्यात मुलांचे कपडे पिशवीत भरून मी आईकडे गेले. ती शांतपणे म्हणाली, “मी परवा निघतेय. तिकीट काढलंय.”

मी चिडले. म्हटलं, “या वयात एकटी? आणि मुलांचं काय?”

आई म्हणाली, “मुलांना बाप आहे ना?”

बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येक बाईला घरचे जे विचारतात, तेच मी आईला विचारलं होतं. घरकामाच्या मोलावर भाषण द्यायला मी निघाले होते, आणि ते भाषण उभं होतं आईच्या बिनमोल घरकामावर. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणजे त्याने ती मागितली नाही. शेवटी मी मुलं घेऊन शिबिराला गेले. तिथे कळलं, आणखी चौघीजणी मुलांपायी येऊ शकल्या नव्हत्या. पुढच्या शिबिरापासून आपण पाळणाघर सुरू केलं आणि ते सांभाळायला कार्यकर्त्यांच्या नवऱ्यांच्या पाळ्या लावल्या. त्याचं श्रेय मला देऊ नका. ते आईच्या त्या तिकिटाचं आहे.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. कलकत्त्याहून! ‘काशी झाली. इथे ट्राम आहे असं कळलं म्हणून आले. बसले. दोनदा. काळजी नसावी.’ मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तेव्हापासून तिला चुकल्यासारखं वाटायचं. परत आल्यावर देवदर्शनाचं तिने दोन वाक्यांत आटपलं. ट्रामचं मात्र महिनाभर पुरलं.

मग ती हिंडतच राहिली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा नातीला घेऊन खिडकीशी बसून रत्नागिरीला गेली. रेल्वेचं वेळापत्रक कसं वाचायचं, अनोळखी स्टेशनात कुणाला पत्ता विचारायचा आणि कुणाला नाही, हे माझ्या मुलीला मी शिकवलेलं नाही, आजीने शिकवलं. याला पैसा कुठून आला? डब्यांच्या कमाईतून. पोस्टाचं पासबुक तिच्या एकटीच्या नावावर होतं. ते तिने वडिलांना दाखवलं नाही, आणि मलाही नाही.

मैत्रिणींनो, बाई नवऱ्यासाठी, मुलांसाठी, चळवळीसाठी धाडस करते तेव्हा आपण तिचं कौतुक करतो. तीच नुसत्या हौसेने निघाली की आपल्याही कपाळाला आठी पडते. आईने मोर्चात जे मागितलं ते सगळ्यांसाठी होतं. ट्रामीतली ती जागा तिची एकटीची होती. दोन्ही तिच्या हक्काचं होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

घरी गेल्यावर आईला, सासूला एवढंच विचारा : तुला कुठे जायचं होतं? आणि ती निघाली, तर मुलांची सोय आपली आपण करा.

एवढं बोलून थांबते.