स्वातंत्र्य आणि त्याचीं क्रियापदें

शब्दकोशांत 'इंडिपेंडन्स' म्हणजे 'स्वातंत्र्य' एवढेंच आढळतें. परंतु शब्दाचा खरा भाव त्याच्या सोबत्यांवरून कळतो. इंग्रजींत हा शब्द कांहीं ठराविक क्रियापदांच्या संगतींत वावरतो. 'ग्रँट इंडिपेंडन्स' म्हटलें कीं दाता राज्यकर्ता आणि प्रजा केवळ याचक. 'विन इंडिपेंडन्स' म्हटलें कीं कर्तें झगडणारें राष्ट्र. 'डिक्लेअर' म्हणजे कोणाच्याहि अनुज्ञेची वाट न पाहतां केलेली घोषणा. 'गेन' मात्र सावध आहे. दिलें कोणी व झगडलें कोण, हें तो सांगत नाहीं.

विशेषणांचेंहि तसेंच आहे. १९२८ च्या नेहरू अहवालानें 'डोमिनियन स्टेटस' मागितलें. मराठींत त्यास 'वसाहतीचें स्वराज्य' म्हणत. डिसेंबर १९२९ मध्यें लाहोरास काँग्रेसनें 'कंप्लीट इंडिपेंडन्स', म्हणजेच 'पूर्ण स्वराज्य', हें ध्येय ठरविलें आणि २६ जानेवारी १९३० रोजीं देशभर तशी प्रतिज्ञा घेतली गेली.

या 'पूर्ण' शब्दाची किंमत मुंबईच्या उपनगरांस लौकरच कळली. १९३० सालींच विलेपार्ल्यास मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली. जमनालाल बजाज तिचे प्रमुख होते. कायदा मोडून तुरुंगाची वाट धरणाऱ्या त्या माणसांच्या कृतीशीं 'ग्रँट' हें क्रियापद कसें जुळावें?

पुढें १८ जुलै १९४७ रोजीं संमत झालेल्या ब्रिटिश कायद्यानें दोन 'इंडिपेंडंट डोमिनियन्स' निर्माण केलीं. लाहोरास ज्या दोन शब्दांतून एकाची निवड झाली होती, ते येथें एकत्र नांदूं लागले! भारतापुरता 'डोमिनियन' हा शब्द २६ जानेवारी १९५० रोजीं, त्या जुन्या प्रतिज्ञेच्याच तारखेस, गळून पडला आणि देश प्रजासत्ताक झाला.

मराठींत 'स्वातंत्र्य मिळालें' आणि 'स्वातंत्र्य मिळविलें' या वाक्यांत दिसावयास अंतर थोडें. परंतु पहिल्यांत कर्ता लपतो, दुसऱ्यांत तो सामोरा येतो. मुलांस इतिहास किंवा भाषांतर शिकवितांना हा भेद अवश्य दाखवावा. इंग्रजींत आणखी एक जोडी रूढ आहे: 'सेफगार्ड इंडिपेंडन्स', स्वातंत्र्य राखणें. मिळविणारांचें काम पुरें झालें; या क्रियापदाचा कर्ता मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें व्हावें लागतें.