लिफ्टचे पत्र कोणाच्या दारी?



ज्याचे पाय चालत नाहीत अशा माणसाला बसमध्ये चढवायचे कसे? आपल्याकडे बहुधा दोघे जण काखेत हात घालून त्याला उचलतात. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि सार्वजनिक वाहतुकीच्या नव्या बसगाड्यांना लिफ्ट किंवा उतरंड असणे भाग पडले. ही लिफ्ट म्हणजे दारातून बाहेर येणारा एक लोखंडी पाट. तो जमिनीला टेकतो, माणूस चाकांच्या खुर्चीसकट त्यावर जातो आणि पाट त्याला गाडीच्या तळापर्यंत उचलतो. उंची ती केवढी, दोन-चार फूट! पण जड खुर्चीसकट तेवढ्यावरून पाठीमागे कोसळणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

म्हणून तेथील सरकारने २००२ साली लिफ्टसाठी एक आणि लिफ्ट बसवलेल्या गाडीसाठी एक, असे दोन नियम जाहीर केले. लिफ्टने २७२ किलो वजन पेलले पाहिजे, पाटाच्या कडेला खुर्ची अडवणारा अडसर हवा, लिफ्ट बाहेर असताना गाडी पुढे सरकता कामा नये, वीज गेली तर पाट हाताने चालवता यावा. एक गोष्ट मला विशेष शहाणपणाची वाटली. पाट खाली गेलेला असतो आणि आतला माणूस तो वरच आहे असे समजून खुर्ची दाराकडे लोटतो. अशा वेळी दारात कोणी असले आणि पाट इंचभराहून अधिक खाली असला, तर लिफ्टने आपण होऊन इशारा दिला पाहिजे.

एवढे करूनही एखादा सांधा कच्चा राहतो, एखादी तार घासून पेट घेते. मग १९६६ चा वाहनसुरक्षेचा कायदा पुढे येतो. दोष आहे असे ठरले की कारखान्याने पाच कामकाजाच्या दिवसांत सरकारी खात्याला कळवायचे, मालकांना टपालाने पत्रे धाडायची आणि दोष फुकट काढून द्यायचा. याला तिकडे ‘रिकॉल’ म्हणतात.

पण पत्र धाडायचे कोणाला? खरी मेख इथे आहे. गाडी एका कारखान्याची, लिफ्ट दुसऱ्याची, बसवून देणारा तिसराच. पुढे घरातला म्हातारा माणूस वारला की गाडी विकली जाते. आपल्याकडे विहिरीवरचे इंजिन तीन हात फिरते आणि पावती मात्र पहिल्याच मालकाच्या पेटीत राहते ना, तसेच हे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला हाक कोण मारणार, हे गुरुजींना सांगायला नको!

आणखी एक घोटाळा होतो. तिकडे गाडीच्या सतरा अक्षर-अंकी क्रमांकावरून दोष शोधता येतो. पण लिफ्टचा क्रमांक वेगळा असतो, तिच्या अंगावरच्या लहानशा पाटीवर. गाडीच्या क्रमांकावर ‘दोष नाही’ असे उत्तर आले, म्हणजे लिफ्टही निर्दोष, असे नव्हे. आणि ती पाटी बहुधा वंगणाने माखलेली असते.

शिवाय पत्र येते ते मालकाला. बस शाळेची किंवा संस्थेची असली तर ते कचेरीत जाते. लिफ्टवर रोज बसणाऱ्या मुलाच्या आईला त्याची वार्ताही नसते. ही उणीव मला कायद्यापेक्षा आपल्या सवयीची वाटते.

भारतात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले. दोषी गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार आता कारखान्याला देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असला, तर तो भाग असलेल्या सगळ्या गाड्यांबद्दल देऊ शकते.

तेव्हा कोणी लिफ्टची जुनी गाडी घेतलीच, तर आधी फडके घेऊन ती पाटी पुसावी, कारखान्याचे नाव आणि क्रमांक वहीत उतरवावा, आणि एक पत्र आपणच कारखान्याला टाकावे: लिफ्ट आता आमच्याकडे आहे, आमचा पत्ता अमुक.