लोहाची गोळी : उपकार आणि उपद्रव



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांनी आम्हा मुलींना शरीरशास्त्र शिकविले. तो विषय त्या काळी दबक्या आवाजात उरकला जाई. बाई मात्र स्वच्छ बोलत. म्हणून त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर स्त्रियांच्या रक्ताविषयी बोलण्यात औचित्यभंग होत नाही, असे मी मानते. इंदूरमध्ये दीर्घ काळ स्त्रीरोगचिकित्सा केल्यावर माझ्यापाशी सांगण्यासारखे जे आहे, ते बहुतांशी एका लहानशा गोळीभोवतीच फिरते.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. मासिक स्राव, गर्भारपण आणि सर्वांची जेवणे झाल्यावर उरेल ते खाण्याची आपली रीत, यांचा हा एकत्रित हिशेब आहे. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव होतोच. निरोगी स्त्री तो सोसते. जिचे हिमोग्लोबिन ६-७ ग्रॅमवर उतरलेले आहे, तिच्या जिवावर तोच बेततो.

पांडुरोगावर लोह देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मंडुराची नावे वैद्यांच्या घरांतील मुलांनाही पाठ असत. युरोपात ब्लो नावाच्या फ्रेंच वैद्याने १८३२ साली लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. आजची फेरस सल्फेटची गोळी त्यांचीच वंशज. ती स्वस्त आहे आणि योग्य रोग्याला दिली तर तिच्याइतकी गुणकारी औषधे थोडी आहेत. महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढते, धाप कमी होते, जिना चढवतो. पण हिमोग्लोबिन पूर्वपदावर आले म्हणून गोळी लगेच थांबवू नये. शरीरातील साठा भरण्यास आणखी सुमारे तीन महिने लागतात. बहुतेक स्त्रिया नेमक्या याच वेळी ती सोडतात.

सोडण्याची कारणे मला पाठ झाली आहेत. मळमळते, पोट साफ होत नाही, शौचास काळे होते. काळ्या रंगात भिण्यासारखे काही नाही. न शोषलेले लोहच ते. ‘गोळीने गर्भ मोठा होतो आणि बाळंतपण अडते,’ असे सांगणाऱ्या सासूबाई मला अनेकदा भेटल्या. त्यांना हसून उडवू नये. शांतपणे समजवावे, कारण गोळीचा डबा पुष्कळदा त्यांच्याच ताब्यात असतो. ज्यांना रिकाम्या पोटी सोसत नाही त्यांनी जेवणानंतर घ्यावी, मात्र चहाबरोबर नव्हे. पोहे, जिलबी आणि वर चहा ही आपली इंदुरी न्याहारी मलाही प्रिय आहे, परंतु चहातील टॅनिन लोहाला आतड्यात अडवून धरते. दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको; थायरॉइडच्या गोळीत तर चार तासांचे अंतर हवे. लिंबू पिळलेले पाणी चांगले.

आता धोक्यांकडे वळते. शरीरात एकूण लोह तीन-चार ग्रॅम. रोज आत घेतले जाते एक-दोन मिलिग्रॅम, आणि जास्त झालेले बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गाने ठेवलेलाच नाही. म्हणून दारातच पहारा आहे. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे द्रव्य तो पहारेकरी. एक गोळी घेतली की ते वाढते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतील लोह कमी शोषले जाते. लोहसाठा कमी असलेल्या स्त्रियांवर स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रोज गोळी घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के लोह शोषले गेले, दिवसाआड घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के. तेव्हा ‘दोन घेतल्या तर दुप्पट गुण’ हा हिशेब खोटा आहे. गर्भवतींनी मात्र यावरून स्वतःच दिवसाआड सुरू करू नये. त्यांची गरज निराळी असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रत्येक फिकटपणा लोहाअभावी नसतो. लूसी विल्स या इंग्रज विदुषीने १९२८ नंतर मुंबईत येऊन गिरणीकामगार गर्भवतींचा रक्तक्षय अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ साली दाखविले. त्यातूनच पुढे फॉलिक आम्लाचा शोध लागला. आपल्या शहरात हा धडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. येथे सिंधी समाज मोठा आहे आणि त्या समाजात थॅलसेमियाचे वाहक बरेच आढळतात. झाबुआ-अलिराजपूरकडील भिल्ल कुटुंबांत सिकलसेल आढळतो. थॅलसेमियाच्या वाहक स्त्रीच्या तांबड्या पेशी लहान असतात, हिमोग्लोबिन थोडे कमी असते. वरवर पाहता सारे लोहाच्या कमतरतेसारखेच. तिला कोणी महिनोन्‌महिने गोळ्याच देत राहिले, तर नको असलेले लोह साठू शकते हा एक तोटा. खरा तोटा वेगळाच. पतीही वाहक असेल, तर प्रत्येक गर्भाला थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. साधी हिमोग्लोबिन ए-२ ची तपासणी लग्नाआधी किंवा गर्भारपणाच्या आरंभी झाली असती, तर जे कळले असते, ते मूल सहा-आठ महिन्यांचे होऊन पांढरेफटक पडल्यावर कळते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढविणे आणि, विलक्षण म्हणजे, त्या रक्तातून साठलेले लोह काढण्याची औषधे.

झांझिबारच्या पेम्बा बेटावरील प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. मलेरियाग्रस्त त्या बेटावर लहान मुलांना सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिले, तेव्हा गंभीर आजार व मृत्यू १२ टक्क्यांनी वाढले. मात्र ज्यांच्यात लोह खरोखर कमी होते, त्या मुलांना फायदाच झाला. म्हणून शाळेत सोमवारी मिळणारी निळी गोळी कोणी नाकारावी असे मी म्हणत नाही. आठवड्याची ती एक गोळी वयात येणाऱ्या मुलींना हवीच आहे. पण प्रौढ पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तक्षय झाला, तर गोळीआधी रक्त कोठून जाते ते शोधावे. आतड्यातील व्रण किंवा कर्करोगही त्यामागे असू शकतो.

शेवटी उपस्थित मातांसाठी. या गोळ्यांवर पुष्कळदा साखरेचे रंगीत आवरण असते. तीन वर्षांच्या मुलाने आईच्या पाकिटातील दहा-बारा गोळ्या गोड म्हणून खाल्ल्या, तर ती विषबाधा जीव घेऊ शकते. ओकाऱ्या थांबल्या म्हणून निर्धास्त राहू नये. काही तास बरे वाटून मूल पुन्हा खालावते. लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे, पाकीट बरोबर घ्यावे. आणि घरी गेल्यावर तुमच्या गोळ्या फ्रिजवर, देवघराच्या फळीवर की उशीखाली आहेत, ते आजच पाहावे.