परक्या भूमीवर सैन्य : बोलावणे कोणाचे?



दुसऱ्या देशातील कलहात आपले सैन्य धाडावे की न धाडावे, हा प्रश्न परराष्ट्रनीतीच्या पंडितांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, असा एक समज आहे. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तेथील लोकांना तरी तो परवडणारा नाही. सैन्य जाते म्हणजे कोणाच्या तरी घरातील मुलगा जातो.

अशा स्वारीचे समर्थन करताना बहुधा एकच दाखला पुढे केला जातो : तेथील सरकारनेच आम्हांस बोलाविले. कायद्याच्या दृष्टीने दाखला बळकट खरा. परंतु १९५६ साली बुडापेस्टमध्ये शिरलेले रशियन रणगाडेही बोलावण्यावरूनच आले, असे मॉस्को सांगत होते. १९७९ साली काबूलमध्ये तर ज्या अमीन यांनी रशियन सैन्य मागितले, त्यांनाच त्या सैन्याने ठार केले!

परक्यांची उणीदुणी पुरेत. आपल्याच देशाची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहू.

१९७० च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातील १६२ जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या. त्या कौलाला उत्तर म्हणून २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली, आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सरकारी हिशेबाने युद्ध ३ डिसेंबरला पेटले. पण गरीबपूरला आपले रणगाडे नोव्हेंबरातच सीमेपलीकडे लढले होते, हे लपविण्याचे कारण नाही. पाकिस्तानच्या सरकारने आपल्याला बोलाविले नव्हते. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्ध थांबवून सैन्ये मागे घ्या असे सांगितले. त्याच आठवड्यात जमालपूरला मराठ्यांची पहिली पलटण रक्त सांडीत होती. १६ डिसेंबरला शरणागती झाली. १० जानेवारीला मुजीबुर रहमान ढाक्यास परतले, आणि १२ मार्च १९७२ रोजी तेथे भारतीय सेनेचे निरोपाचे संचलन झाले. तीन महिनेही पुरे झाले नव्हते.

आता श्रीलंका. येथे सारे कसे नियमानुसार! २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, आणि सैन्य रीतसर निमंत्रणाने गेले. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या रांगेतील एका श्रीलंकी नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ज्या तमिळ वाघांनी शस्त्रे खाली ठेवावयाची होती, त्यांची त्या करारावर सहीच नव्हती. तमिळ बंडखोरांना शस्त्रे आणि शिक्षण देण्यात भारताचाच हात होता, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्याच मुलांशी ऑक्टोबरात जाफन्याच्या गल्ल्यांतून लढण्याची पाळी आली.

मग तमिळांची ससेहोलपट उघड्या डोळ्यांनी पाहावयाची होती काय, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. परंतु ४ जून १९८७ रोजी आपल्या विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकले, ते एक. हजारो सैनिक उतरवून दोघांच्या भांडणात पंच होणे निराळे. पहिल्याचे समर्थन आम्ही आजही करू.

कायद्याच्या तराजूत १९७१ चे पारडे हलके आणि १९८७ चे जड. लोकांच्या मनाच्या तराजूत नेमके उलटे. पूर्व बंगालची जनता स्वतः लढत होती, मुक्तिवाहिनी शेतांतून उभी होती, आणि विजयानंतर ‘आता या’ असे सांगणारा लोकमान्य पुढारी तयार होता. श्रीलंकेत सिंहलींना आपण नको होतो, आणि वाघांनाही. म्हणून सैन्य पाठविण्यापूर्वी संसदेत विचारावयाचा प्रश्न आमच्या मते हा, की ज्या लोकांसाठी जावयाचे ते स्वतः कोणत्या बाजूला उभे आहेत, आणि आपल्याला परत जा म्हणण्याचा अधिकार कोणाकडे राहील?

श्रीलंकेत तो अधिकार प्रेमदासांनी वापरला, १९८९ साली. त्यानंतरही सैन्य पुरते बाहेर पडावयास मार्च १९९० उजाडला. अकराशेंहून अधिक जवान परतलेच नाहीत. परतलेल्या अखेरच्या तुकड्या मद्रासच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या स्वागतास त्या राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. पुढे त्या जवानांचे स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेनेच उभारले.