नवीन साहेब आलेत, आता आपल्या केसचं काय?

आजचा विषय थेट तुमच्या मेसेजमधून घेतलाय. उन्हाळी सुट्टी संपून कोर्टं सुरू झाली की एकच प्रश्न येतो, परभणीतून येतो, गंगाखेडहून येतो, सेलू-जिंतूरहून येतो: "दादा, आमच्या कोर्टात नवीन साहेब आलेत. आता केस पहिल्यापासून चालणार का? आणि साहेब कसे आहेत?"

दुसऱ्या प्रश्नावर लोक फार वेळ घालवतात. कडक आहेत का, कुठले आहेत, कोणाच्या ओळखीचे आहेत. टपरीवर अर्धा दिवस जातो त्यात. एकानं तर विचारलं, "हे जज निवडून येतात का?" तो अमेरिकेतले व्हिडिओ बघून बोलत होता. तिकडे बऱ्याच राज्यांत न्यायाधीशांची निवडणूक होते, हे खरं. आपल्याकडे तसं नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणारे दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा आणि मुलाखत देऊन येतात. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं पुढच्या भरतीसाठी किमान ३ वर्षं वकिलीची अटही परत आणली. नेमणूक कुठे, बदली कधी, हे उच्च न्यायालय ठरवतं. मतं कोणी मागत नाही, त्यामुळे कोणाचा 'माणूस' असण्याचा प्रश्न नाही. "साहेबांपर्यंत माझी पोच आहे" म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो तुम्हाला लुटतोय. तिथून निघा.

बरं, पहिला प्रश्न. केस पहिल्यापासून चालते का? बहुतेक वेळा नाही. दिवाणी दाव्यात आधीच्या न्यायाधीशांसमोर झालेली साक्ष नवीन न्यायाधीश तशीच वापरू शकतात. फौजदारीतही तसंच, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६५ बघा. तिथं न्यायाधीशांना गरज वाटली तर साक्षीदार परत बोलावता येतो. अपवाद एक लक्षात ठेवा: संक्षिप्त पद्धतीनं चाललेला खटला. चेक बाउन्सची केस खरोखर संक्षिप्त पद्धतीनं चालली असेल, तर नवीन न्यायाधीशांना ती नव्यानं ऐकावी लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच हे सांगितलंय. म्हणून चेकची केस असेल तर वकिलांना आजच विचारा, आपली कोणत्या पद्धतीनं चाललीय. आणि युक्तिवाद झाला पण निकालाआधी बदली झाली, तर युक्तिवाद पुन्हा करावा लागतो. वैताग येतो, पण ज्यानं ऐकलंच नाही त्यानं निकाल कसा लिहायचा?

आता नीट ऐका. साक्ष तीच राहते म्हणजे काय राहतं? कागद. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून रडलात, तुमचा आवाज ठाम होता, समोरचा साक्षीदार घाम पुसत होता, यातलं नवीन साहेबांनी काहीच पाहिलेलं नाही. त्यांच्यासमोर फक्त टाइप केलेली पानं आहेत.

समजा, जिंतूर तालुक्यातली एक ताई आहे. वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागणारा वाटणीचा दावा तिनं भावांविरुद्ध केलाय. कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून आहे, पण घरात अजून ते पचत नाही. तिचा सरतपास शपथपत्रावर दाखल झाला, उलटतपास अर्धा झाला आणि साहेबांची बदली झाली. उरलेला उलटतपास नवीन साहेबांसमोर. तिनं काय तयारी करायची?

आधी स्वतःचंच वाचायचं. आपण शपथपत्रात काय लिहिलंय, मागच्या तारखेला काय उत्तरं दिलीत, त्याची नक्कल काढून घरी बसून वाचायची. पाठ करायची नाही हं! पाठ केलेलं लगेच कळतं. वाचायचं यासाठी, की सहा महिन्यांपूर्वी "विहीर वडिलांनी खोदली" म्हटलं आणि आता "आजोबांनी" म्हटलं, तर नवीन साहेबांना आधी हा फरक दिसेल, मग तुम्ही.

मग प्रश्नांची ठेवण. आपल्या कोर्टात उलटतपासाचे प्रश्न कसे येतात? "तुम्ही २०१६ मध्ये गावात राहत नव्हता, हे म्हणणं खरं आहे?" ताईनं नुसतं "नाही" म्हटलं तर अर्थ काय? राहत नव्हते, की म्हणणं खरं नाही? पूर्ण वाक्य बोलायचं: "खरं नाही. मी गावातच राहत होते." दुसरा प्रकार याहून वाईट, एका प्रश्नात दोन प्रश्न. "तुमच्या लग्नात वडिलांनी खर्च केला आणि म्हणून तुम्ही हिस्सा सोडला, हे खरं आहे?" इथं घाईत "हो" गेलं तर संपलं. तोडून उत्तर द्यायचं: "खर्च केला हे खरं. हिस्सा सोडला हे खरं नाही." आणि माहीत नाही ते "माहीत नाही", आठवत नाही ते "आठवत नाही". दोन्ही वेगळी उत्तरं आहेत.

हातवारे कागदावर येत नाहीत. "एवढा रस्ता होता", "इथून तिथपर्यंत" असं बोलू नका. फूट सांगा, दिशा सांगा, गट नंबर सांगा. कारण निकाल लिहिणारे कदाचित हेही साहेब नसतील!

आता आपल्या भागाची खास गोष्ट. न्यायाधीशांची नेमणूक साधारणपणे स्वतःच्या जिल्ह्यात होत नाही. नवीन साहेब कोकणातले असतील, पुण्याकडचे असतील. कोर्टाची भाषा मराठीच, पण तुम्ही म्हणाल "भांडण आखाड्यावर झालं" आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कुस्तीचा आखाडा येईल. आपल्याला आखाडा म्हणजे शेतातला गोठा, राहायची जागा. धुरा म्हणजे बांध, बटईनं म्हणजे वाट्यानं जमीन कसायला देणं. हे शब्द टाळू नका, तुमची साक्ष तुमच्याच भाषेत हवी. फक्त पहिल्यांदा शब्द आला की अर्थ सांगून टाका. दस्ताचंही तेच. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, जुने कागद उर्दूत आहेत. त्यांचं मराठी भाषांतर फाइलला लागलंय का? सातबाऱ्यावर वाढलेल्या माणसाला आपलं खासरा पत्रक काय सांगतं, हे वकिलांनी समजावून द्यायचं ठरलंय का? विचारा. विचारल्यानं वकील रागावत नाहीत. रागावले तरी विचारा.

वकिलांना अजून एक विनंती करा: एका पानाचा घटनाक्रम. कोणत्या साली काय झालं, कोणत्या कागदावर ते दिसतं, निशाणी क्रमांक काय. नवीन न्यायाधीशांच्या टेबलावर शेकडो फाइली येतात. हे पान तुम्ही स्वतः नेऊन द्यायचं नाही, ते वकिलांमार्फत रीतसर जातं. चेंबरमध्ये भेटायला जाणं तर अजिबातच नाही.

तारीख चुकवू नका. नवीन साहेबांसमोरची पहिलीच तारीख गैरहजेरीत गेली, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो, आरोपी असाल तर वॉरंट निघू शकतं. ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप फुकट आहे. त्यात केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाका. पुढची तारीख, केसचा टप्पा आणि कोणत्या कोर्टात आहे ते दिसतं. बदलीनंतर कोर्टखोलीही बदलू शकते, हे निघण्याआधी बघा. नाहीतर पुकारा होतो एका खोलीत आणि आपण बसतो दुसऱ्या.

काय म्हणायचं? "साहेब" पुरतं, बाई असतील तर "मॅडम". सिनेमातलं "मी लॉर्ड" नको. मोबाइल बंद, रील तर नकोच नको. साक्ष संपल्यावर टाइप झालेलं वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर तिथल्या तिथं सांगा, हरकत नोंदवली जाते. बाहेर येऊन वकिलांना सांगितलं तर उशीर झालेला असतो.

आणि वकीलच नसेल तर? महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. परभणीच्या जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन करायचा तर १५१००. त्या ताईला तारखेच्या आदल्या दिवशी नाही, आजच करायला सांगा. नवीन माणसाला फाइल वाचायला वेळ लागतो, साहेब असो की वकील.

पुढच्या भागात खासरा पत्रक आणि सातबारा एकमेकांशी जुळत नसतील तर काय करायचं, ते बघू. तुमच्या घरात जुना उर्दू कागद असेल तर तोवर त्याला लॅमिनेशन करू नका, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. भेटू.