व्हिडिओ संपल्यावरचा अभ्यास



नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. नोकरी, शेती, घर सांभाळून पदवी घेणाऱ्यांचा त्या काळात सारा भर पुस्तकांवर. आणि ती पुस्तकं अशी, की प्रत्येक घटकात मध्येच प्रश्न विचारायची. वाचणाऱ्याला थांबावंच लागे. अर्थात, थेट मागची उत्तरं उघडणारे तेव्हाही होतेच!

२०१७ साली केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आलं. त्यातही व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा अशी चार अंगं आहेत. आपण हमखास वापरतो ते पहिलंच, तेही दीडपट वेगानं, जेवता जेवता. समोरचे प्राध्यापक इतकं सोपं करून सांगतात, की सगळं समजल्यासारखं वाटतं. धोका आहे तो इथेच.

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, चांगलेच पुढे. गंमत अशी, की आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती!

म्हणून स्वतःच्या खात्रीवर फार विसंबू नका. लेक्चर संपलं की मोबाईल उलटा ठेवा आणि वहीत लिहा. अडलात, तर नेमकं तिथंच पुन्हा ऐका. ग्रुपवर असाइनमेंटची उत्तरं येण्याआधी आपलं उत्तर लिहून ठेवा. चुकलेलं असलं तरी चालेल.

शिक्षकांनाही एक सांगायचं आहे. परीक्षा जवळ आली की आपण ‘आयएमपी’ प्रश्नांची पीडीएफ पाठवतो आणि विद्यार्थी स्वावलंबी नाहीत म्हणून कुरकुरतो. हे काही बरं नाही. विद्यार्थ्याची शंका आली की लगेच उत्तर देऊ नका, “तू कुठपर्यंत आलास?” एवढं आधी विचारा. मात्र त्याचं उत्तर आल्यावर त्याला ताटकळत ठेवू नका. घरी एकट्यानं शिकणारा तिथंच गळतो.

आणि विद्यार्थीमित्रांनो, एक लेक्चर संपताच दुसरं आपोआप सुरू होतं ना? ती सोय आजच बंद करून टाका.